मान दुखतेय: मोबिलायझेशन की मॅनिप्युलेशन?

मैत्रिणीची मान अवघडली आहे. फिजिओथेरपिस्ट मोबिलायझेशन सुचवतात, शेजारी म्हणतात, "एकदा कडकन मोडून घे, मोकळी होशील." तिला दोन्हींतलं काय निवडावं कळेना.

मोबिलायझेशनमध्ये मानेच्या मणक्यांचे सांधे हातानं लयीत, हळूहळू हलवतात. ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांच्या पद्धतीत त्याच्या चार पायऱ्या आहेत. दुखलं तर रुग्ण तिथंच थांबवू शकतो. मॅनिप्युलेशन म्हणजे शेजारी म्हणतात ते "मोडणं": छोटा, वेगवान झटका. एकदा दिला की मागे घेता येत नाही. "कट्" आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्यामुळे येतो, हाड जागेवर बसल्यामुळे नव्हे.

आराम? तुलनात्मक अभ्यासांत दोन्हींचा फायदा साधारण सारखाच दिसतो. झटक्यानं लगेच हलकं वाटू शकतं, पण व्यायामाशिवाय दोन्हींचा परिणाम फार टिकत नाही. खर्चही फेऱ्यांवरच ठरतो.

खरा फरक धोक्यात आहे. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचितच घडतं, पण घडलं तर आयुष्यभराचं ठरू शकतं. म्हणून सलूनमध्ये मान मोडून घेणं मला अजिबात पटत नाही.

ठिसूळ हाडं, संधिवात, रक्त पातळ करणारी औषधं, उतारवय किंवा मनात भीती असेल तर झटका नकोच, मोबिलायझेशनही नीट तपासणी झाल्यावरच. तरुण, निरोगी, नुकतीच मान धरलेल्यानं प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून नीट तपासणी झाल्यावर झटक्याचा विचार करावा. हाताला मुंग्या, अशक्तपणा, चक्कर किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल तर दोन्ही नको, आधी डॉक्टर.