एका दिवसातली कॅप

गेल्या फेब्रुवारीत माझ्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल झालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कॅपला आठ-दहा दिवस सांगितले आणि पुतणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मग स्टेशनजवळच्या एका नव्या, चकाचक क्लिनिकमध्ये गेले. बाहेर मोठी पाटी होती, 'एका दिवसात कॅप'. भाव १४ हजार, झिर्कोनिया म्हणजे दातासारखं पांढरं, फार कडक सिरॅमिक, १५ वर्षांची वॉरंटी. वॉरंटी कार्डाचं विचारलं तर "येईल ना मॅडम, लॅबकडून."

तोंडात तो चिकट मसाला भरून माप घेणं नाही, पेनासारखा कॅमेरा फिरवला की दाढ स्क्रीनवर. मग काचेच्या पेटीत पाण्याच्या फवाऱ्याखाली एक चौकोनी ठोकळा कोरला जाऊ लागला. मला एवढं कौतुक वाटलं की मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. कॅप मशीनमधून निघाली, जरा घासली-पुसली आणि थेट माझ्या तोंडात चिकटवली. निळा कागद ठेवून "कचकच चावा" म्हणाले. इंजेक्शनने अर्धी जीभ आणि ओठ बधिर. बरोबर बसतंय का, असं विचारल्यावर मला काय डोंबल कळणार? मान डोलावली आणि पैसे देऊन घरी आले.

बधिरपणा उतरला आणि भातात खडा लागावा तसं झालं. तोंड मिटलं की आधी तीच दाढ टेकायची. लग्नात सगळं जेवण डाव्या बाजूने. मेथीची भाजी खाल्ली की पान कॅपच्या कडेला अडकणार म्हणजे अडकणार, फ्लॉस घातला की त्याचे तंतू होऊन बाहेर. तीनदा परत गेले. दर वेळी "सवय होते हो ताई" म्हणून वरून थोडं घासून द्यायचे. तिसऱ्या वेळी त्या घासण्याचेही ८०० रुपये घेतले! घासून घासून कॅप जिभेला खरखरीत लागायला लागली आणि तिच्यासमोरच्या वरच्या दाढेला गार पाण्याने कळ यायला लागली.

जूनमध्ये तोंडाला वास यायला लागला तेव्हा मुकाट्याने जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टोकदार हत्यार कॅपच्या कडेवरून फिरवलं, ते एका जागी खटकन अडकलं. एक्स-रेमध्ये कॅप आणि दाढ यांच्यामध्ये काळी फट, आणि तिथून आत कीड सुरू. कॅप कापून काढावी लागली. कापता कापता ते म्हणाले, "झिर्कोनिया कापायचं म्हणजे आमचा घाम निघतो, ठिणग्या उडतात. ही तर लगेच सुटली." मी व्हिडिओ दाखवला. मग त्यांनी समजावलं की झिर्कोनिया आधी खडूसारखा मऊ असतो, पाचवा हिस्सा तरी मोठा कोरतात आणि १५०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजला की तो आकसून मापाला येतो. भट्टीत न घालता तोंडात बसलेली कॅप सहसा झिर्कोनियाची नसते. माझी बहुधा राळमिश्रित स्वस्त ठोकळ्याची होती.

दोष मशीनचा नाही, हेही तेच म्हणाले. झुरिकमध्ये १९८५ साली पहिल्यांदा पेशंटला असं काम बसवलं, म्हणजे तंत्र चांगलं जुनं आहे. कडा नीट स्कॅन केल्या आणि चिकटवण्याआधी एक्स-रे काढला तर एका दिवसातही उत्तम बसते. माझी नवी कॅप मात्र त्यांनी आधी कच्च्या सिमेंटवर आठवडाभर वापरायला लावली, बधिर न करता चावायला सांगितलं आणि मगच पक्की केली.

क्लिनिकचं बिल काढून बघितलं तर त्यावर नुसतं 'क्राऊन', म्हणजे कॅप. कशाचा, कुठल्या कंपनीचा, काही नाही. तुम्ही कॅप बसवायला जाल तेव्हा आधी बिलावर मटेरियलचं नाव लिहून घ्या, ठोकळ्याच्या वेष्टनाचा फोटो काढा. आणि काढलेल्या कॅपचे तुकडे फेकू नका, मी इनोच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्याशा रकमेला फी पडत नाही.

नोटीस गेल्यावर क्लिनिकमधून फोन आला. मॅडम, तुमचं वॉरंटी कार्ड लॅबकडून निघालंय म्हणे. मी विचारलं, कॅप तर तुमच्या पेटीत माझ्यासमोर कोरली, मग लॅब कुठली? फोन कट.