जोशी रेल्वे म्युझियम, कोथरूड: गाड्यांची चाल बघायला जा

कोथरूडमध्ये जी. ए. कुलकर्णी पथावर असलेलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभी राहिलेली ही जागा 'मुलांना सुट्टीत दाखवायची' म्हणून ओळखली जाते. मोठी माणसं मुलांना पुढे करून स्वतः मागे मोबाईल चाळत राहतात. तसं करू नका. सलग अर्धा तास ठरल्या क्रमाने गाड्या धावत ठेवणं हे या छंदातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते इथे जवळून बघायला मिळतं.

प्रमाण १:८७ चं, मॉडेलवाल्यांच्या भाषेत एचओ. दोन रुळांमधलं अंतर (गेज) १६.५ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या रेल्वेतलं १४३५ मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ती या प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरेल. त्यामुळे भारतीय इंजिनाचं एचओ मॉडेल या रुळांवर ठेवलं की अंग रुंद आणि पाय जवळ, असं दिसतं. युरोपीय गाड्या मात्र चपखल बसतात. पुणे मेट्रोही स्टँडर्ड गेजवरच चालते, तेव्हा डब्याची रुंदी आणि रुळांमधलं अंतर यांचं खरं नातं बघायचं असेल तर येतानाच बघून या.

वाफेच्या इंजिनाचा धूर आणि जर्मन बुलेट ट्रेन यांच्याकडे सगळे बघतातच. जाणकाराने वेग मोजावा. युरोपीय लांब डबा या प्रमाणात २८ ते ३० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे साडेतीन डबे मिळून एक मीटर, खऱ्या रेल्वेतले ८७ मीटर. एक खांब नजरेत धरा आणि त्याच्यासमोरून साडेतीन डबे जायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघा. २.४ सेकंद आले तर गाडी खऱ्या १३० किलोमीटरच्या वेगाने चालली आहे. सव्वा सेकंद आला तर २५० च्या. शंटिंगचा, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवण्याचा, १० किलोमीटरचा वेग हवा असेल तर त्याच अंतराला ३१ सेकंद लागायला हवेत, आणि मॉडेलची खरी परीक्षा इथेच होते. पळवणं सोपं असतं. मुंगीच्या पावलाने, न अडखळता चालवायचं तर मोटर, फ्लायव्हील (गती एकसारखी ठेवणारं जड चाक), गिअर आणि रूळ, चारही चोख लागतात.

डिझेल मॉडेलमध्ये सहसा मधोमध एक मोटर असते आणि दोन्ही बोगींकडे, म्हणजे चाकांच्या चौकटींकडे, शाफ्ट जातात. वीज बहुतेक चाकांतून घेतली जाते, त्यामुळे सांध्यावरचा (रूळ फुटतात तिथला) वीज नसलेला तुकडा असं लांब इंजिन सहज ओलांडतं. चार चाकांचं छोटं शंटर तिथेच बसतं. म्हणून सांधे पार करताना हेडलाइटकडे बघा. दिवा लुकलुकला की रूळ किंवा चाक मळलं आहे असं समजायचं. अशा वेळी रूळ सँडपेपरने घासणं हा घरोघरी होणारा गुन्हा आहे. ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. तंतू न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात जरा जास्त वेळा.

इलेक्ट्रिक गाड्यांचा घोळ वेगळा. एचओमध्ये त्यांना वीज बहुतेक वेळा रुळांतूनच मिळते आणि पेंटोग्राफ (टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) नुसता तारेला टेकून चालतो. पण टेकून चालणंही सोपं नाही. आपल्याकडची ओव्हरहेड तार रुळापासून सुमारे साडेपाच मीटरवर असते, म्हणजे मॉडेलमध्ये ६३ मिलिमीटर. खरी तार बारा मिलिमीटरच्या आसपास जाड. प्रमाणात ती केसाएवढी होईल आणि तुटेल, म्हणून मॉडेलची तार अर्ध्या मिलिमीटरच्या घरात ठेवतात. दिसायला ती जाडच दिसते, त्याला इलाज नाही. वळणावर खांब लांब पडले की तार पेंटोग्राफच्या वरच्या पट्टीच्या बाहेर सरकते, पेंटोग्राफ वर उसळतो, अडकतो आणि खांबासकट सगळं ओढतो. वळणावर तार प्रत्येक खांबापाशी कशी बाहेर ओढून धरतात, हे वाकून बघा.

चढाचंही गणित करून बघा. कर्जत-लोणावळा घाट १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्याच चढाने ८ सेंटिमीटर उंची गाठायची तर जवळपास तीन मीटर रूळ लागतो, आणि खालून तारेसकट गाडी जायची असेल तर तेवढी उंची हवीच. जागा नाही म्हणून चढ वाढवला की चाकं फिरतात, गाडी हलत नाही. त्यात वळण आलं आणि पुढे हलके डबे, मागे जड डबे असले, तर मधले डबे आतल्या बाजूला कोलमडतात.

आपली एकच तक्रार: गाड्यांभोवती मांडलेलं हे छोटं शहर कल्पनेतलं आहे. सर्कस, रोपवे, पोहण्याचा तलाव, सगळं सुरेख. पण आपला बोरघाट, बँकर इंजिनं (घाटात गाडीला मागून ढकलणारी) आणि डेक्कन क्वीन मांडणारं असंच काही पुण्यात व्हायला हवं, असं बघताना सतत वाटत राहतं.

रात्रीचा देखावा चुकवू नका. दिवे मंद होतात, गावातल्या खिडक्या उजळतात आणि सिग्नल खऱ्या अर्थाने वाचता येतात. तेव्हा गाडी सोडून सिग्नलकडेच बघायचं: गाडी गेल्यावर लाल होतो का, किती वेळाने सुटतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र बंद ठेवा, सगळ्यांचाच अंधार मोडतो.

वेळा आणि तिकीट आधी फोनवर विचारून घ्या आणि जमलं तर आठवड्यातल्या मधल्या वारी जा, म्हणजे पुढची जागा मिळते. मेट्रोने नळ स्टॉपला उतरायचं आणि रिक्षावाल्याला संगम प्रेसजवळ म्हणून सांगायचं.