७६-८० हाय-लो फ्रेम: इनलाइन हॉकीच्या स्केटचं तळापासून परीक्षण

इनलाइन हॉकीचा, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवर खेळायच्या हॉकीचा, स्केट दुकानात हातात घेतला की नजर आधी बुटावर जाते, मग चाकांच्या रंगावर. फ्रेम, म्हणजे बुटाखालचा चाकं धरणारा सांगाडा, उलटी करून बघणारा गिऱ्हाईक विरळाच. खरं तर चाकं झिजली की बदलतात, बेअरिंग गंजली की फेकतात, पण ॲक्सलची, म्हणजे चाकाच्या दांड्याची, चार भोकं कारखान्यात जिथे पडली तिथेच स्केटच्या शेवटापर्यंत राहतात. पैसे मोजायचे ते त्या भोकांच्या जागेचे.

परीक्षण आहे ते हाय-लो फ्रेमचं: पुढची दोन चाकं ७६ मिमी, मागची दोन ८० मिमी. बाऊर आणि मिशन या कंपन्यांच्या हॉकी स्केटखाली ही रचना वर्षानुवर्षं दिसते. मिशन २००८ मध्ये बाऊरकडेच गेली, त्यामुळे दोन्ही नावांची फ्रेम एकाच घराण्यातली समजायला हरकत नाही. लहान मापाच्या बुटांखाली हेच सूत्र ७२-७६ असं येतं. निकाल आधीच सांगायचा तर: टाइल किंवा इपॉक्सीच्या गुळगुळीत रिंकवर नियमित खेळणाऱ्याने दुसरं काही शोधू नये. उघड्या कोब्यावर नुकतंच हॉकी शिकणाऱ्या मुलासाठी मात्र चारही चाकं ८० ची असलेली सपाट फ्रेमच बरी, कारण तिची चाकं कशीही फिरवता येतात आणि ७६ ची शोधत बसावं लागत नाही.

हाय-लोमुळे नेमकं काय बदलतं ते आकड्यांत बघू. चाकांमध्ये एक मिमी फट धरली तर ४×८० च्या फ्रेममध्ये पहिल्या ॲक्सलपासून शेवटच्यापर्यंत अंतर २४३ मिमी होतं. ४×७६ मध्ये तेच २३१. हाय-लोमध्ये पुढच्या दोघांत ७७, मधल्या जोडीत ७९, मागच्या दोघांत ८१, म्हणजे एकूण २३७. सहा मिमी कमी झाल्याने वळण आखूड होतं, पण मागची मोठी चाकं वेग फारसा जाऊ देत नाहीत. ८० चं चाक एका फेऱ्यात सुमारे २५१ मिमी जातं, ७६ चं २३९. हा फरक पाच टक्क्यांचा आहे आणि तो फक्त पुढच्या दोन चाकांना लागतो. लांब सरळ धाव असलेल्या स्पर्धेत तो जाणवेल. चार खेळाडू आणि एक गोलकीपर अशा इनलाइन हॉकीत, जिथे दर दोन-तीन ढकलींनंतर दिशा बदलावी लागते, तिथे तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

याहून मोठा फायदा उंचीचा. ७६ च्या चाकाचा माथा ८० च्या चाकाच्या माथ्यापेक्षा चार मिमी खाली असतो, त्यामुळे चवड्याखालचा पत्रा तेवढा खाली आणता येतो आणि टाच जागेवर राहते. गुडघे वाकलेले, स्टिकचं पातं जमिनीला टेकलेलं, वजन चवड्यावर, ही हॉकीची उभं राहण्याची ढब त्या उतारामुळे आपोआप जमते. चारही ८० च्या सपाट फ्रेमवर नवा खेळाडू मागे रेलतो आणि मग प्रशिक्षक दिवसभर ‘गुडघे वाकव’ म्हणून ओरडत राहतो. अर्धा दोष फ्रेमचा असतो.

एक गैरसमज इथेच मिटवू. हाय-लो म्हणजे रॉकर नव्हे. हाय-लोमध्ये ॲक्सलची उंचीच वेगवेगळी ठेवलेली असते, पुढे ३८ मिमी आणि मागे ४०, म्हणून चारही चाकं एकाच वेळी जमिनीला टेकतात. सपाट ८० च्या फ्रेममध्ये पहिलं आणि चौथं चाक ७६ चं घातलं तर ती दोन टोकं जमिनीपासून दोन मिमी वर राहतात. रॉकर म्हणतात तो हा. त्यावर गिरकी झटकन बसते, पण सरळ धावताना स्केट पुढे-मागे झुलतो.

मापांची सरमिसळ हा हाय-लोचा सर्वांत मोठा घोळ. ‘चारही ८० ची घालून टाकू, वेग वाढेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. पुढच्या दोन ॲक्सलमधलं अंतर ७७ मिमी असेल तर तिथे ८० ची दोन चाकं शेजारी मावणारच नाहीत, एकमेकांवर घासतील. उलट बाजूने चारही ७६ ची घातली तर ती मावतात, आणि म्हणूनच जास्त फसवतात. मागचे ॲक्सल दोन मिमी उंच असल्याने टाच खाली बसते, स्केट दुसऱ्या आणि चौथ्या चाकावर उभा राहतो, पहिलं आणि तिसरं साधारण एक मिमी अधांतरी लटकतात. खेळाडूला वाटतं फ्रेम वाकली. फ्रेम सरळच असते, चुकीची चाकं आलेली असतात. चाकं मागवताना आठ एका मापाची नकोत. चार ७६ ची, चार ८० ची, असं स्पष्ट लिहून द्यावं. महाराष्ट्रात स्पीड स्केटिंगची चाकं सहज मिळतात, हॉकीची ७६ ची मिळणं त्या मानाने अवघड, त्यामुळे पुढच्या चाकांचा एक जादा संच घरात असलेला बरा.

चाकांची अदलाबदलही इथे बंधनात. सपाट फ्रेममध्ये पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी असं कसंही फिरवता येतं. हाय-लोमध्ये ७६ पुढच्या चार जागांतच फिरणार, ८० मागच्या चारांत. सोपी पद्धत अशी: डाव्या पायाचं पहिलं चाक उजव्याच्या दुसऱ्या जागी, डाव्याचं दुसरं उजव्याच्या पहिल्या जागी, आणि उजवीकडची तशीच डावीकडे. मागच्या जोडीलाही हाच नियम. हे करताना चाक उलटं करायचं नाही. हॉकीत आतली कड आधी झिजते. डाव्या पायातलं चाक न फिरवता तसंच उजव्यात गेलं की झिजलेली कड आपसूक बाहेर येते. हौसेने फिरवलं तर झिजलेलीच कड पुन्हा आत बसते आणि सगळी मेहनत वाया.

झीज डोळ्यांनी मोजू नये, साधा वर्निअर कॅलिपर लावावा. व्यास दोन मिमी घटला म्हणजे त्रिज्या एक मिमी घटली, म्हणजे ते चाक शेजारच्या नव्या चाकापेक्षा एक मिमी वर लोंबतंय. एका जोडीत दोन मिमीपर्यंतचा फरक चालवून घेता येतो, त्यापुढे ती जोडी बदलावी. दोनच नवी चाकं घालायची असतील तर ती दोन्ही पायांत एकाच जागी घालावी.

आता कडकपणा. चाकावर ७४ए, ७६ए, ७८ए असे आकडे असतात. आकडा जितका लहान तितकं चाक मऊ. टाइलच्या रिंकवर ७४ ते ७८ए चालतात, त्यातही हलक्या खेळाडूला ७४-७६, ऐंशी किलोच्या पुढच्याला ७८. आपल्याकडे बहुतेक सराव सिमेंटच्या कोब्यावर किंवा उघड्या काँक्रीटवर होतो. तिथे हीच मऊ चाकं खरवडून निघतात, कधी त्यांचे तुकडेच पडतात. शिवाय खरबरीत सिमेंटवर मऊ चाक इतकं धरतं की हॉकी स्टॉप घेताना, म्हणजे स्केट आडवे करून थांबताना, घसरायच्या जागी ते अडकतं आणि खेळाडू तोंडावर आपटतो. अशा जागी ८२ ते ८५ए. लबेडा कंपनीचं अॅस्फाल्ट हे चाक याच कामासाठी आहे. याची दुसरी बाजू अशी की गुळगुळीत घोटलेल्या कोब्यावर धूळ असेल तर कडक चाक पकडच सोडतं. त्यावर उपाय चाकाचा नाही, झाडूचा: खेळाआधी रिंक झाडून ओल्या फडक्याने पुसली आणि सुकू दिली की निम्मी घसरण जाते.

बेअरिंगबद्दल थोडक्यात. बहुतेक हॉकी चाकांत ६०८ जातं: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. एबेकचा मोठा आकडा बघून जादा पैसे घालवू नयेत. तो आकडा घडणीची अचूकता सांगतो, आणि पहिल्या आठवड्याच्या धुळीत ती अचूकता गेलेली असते. पावसाळ्यात रबरी झाकणाची, म्हणजे २आरएस, घ्यावी. भिजली तर त्याच दिवशी चाकातून काढून पुसावी. एका बाजूचं झाकण टाचणीने उचकावं, रॉकेलमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळून धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडावे. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. रबरी झाकण रॉकेलमध्ये बुडवून ठेवू नये, ते फुगतं.

चाक ॲक्सल आवळल्यावर जड फिरू लागलं तर दोष बहुधा स्पेसरचा. दोन बेअरिंगच्या मध्ये साधारण १०.२५ मिमीची नळी असते. ती हरवली किंवा आखूड निघाली की ॲक्सल आवळताना आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्यांवर आडवा दाब येतो. पुष्कळ जण यावर ॲक्सल सैल ठेवतात. मग तो खेळता खेळता निघून रिंकवर पडतो, आणि हे पाठोपाठ येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. योग्य स्पेसर घालून ॲक्सल हाताने बसेपर्यंत फिरवावा, मग ॲलन कीने पाव फेरा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण डावी-उजवीकडे हललं नाही पाहिजे. दर सामन्याआधी चावी लावून बघावीच. मॅग्नेशियमच्या हलक्या फ्रेममध्ये तर जोर जपून लावावा. आटे एकदा गेले की ते भोक गेलं.

स्पीड स्केटिंगमधून हॉकीत येणारी मुलं विचारतात, आमची ३×११० ची फ्रेम का नको? तिची लांबीही २४३ च्या आसपास असू शकते. पण पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच जातो, सुरुवातीच्या दोन पावलांत मोठं चाक जड पडतं आणि स्पीडचा आखूड बूट घोट्याला काहीच संरक्षण देत नाही. पक, म्हणजे हॉकीची चकती, लागला की कळतं. फ्रेम काढून हॉकीच्या बुटाला लावायचा बेतही जमत नाही. स्पीडच्या बुटाला १९५ मिमी अंतरावर दोन बोल्ट असतात, हॉकीची फ्रेम बर्फावरच्या पात्यासारखी तळव्याला कडेकडेने रिव्हेट केलेली असते.

रॉकरची हौस असलेल्यांसाठी एक पर्याय मात्र खरोखर हुशारीचा आहे: स्वीडनचे माजी आइस हॉकीपटू पेर मॉर्स यांची मार्सब्लेड फ्रेम. तिचे दोन भाग असतात. चाकं असलेला खालचा भाग जमिनीला सपाट राहतो आणि वरचा भाग त्यावर गोलाईने पुढे-मागे डुलतो. बर्फाच्या पात्याला साधारण ९ ते ११ फूट त्रिज्येची गोलाई असते, तिची आठवण पायाला इथे राहते. कॅनडा-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फावर आणि उन्हाळ्यात चाकांवर खेळणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांसाठी ती योग्य. इनलाइन स्केट जगभर पोचले तेही त्याच गरजेतून: १९८० च्या सुमारास मिनियापोलिसमध्ये स्कॉट ओल्सनने रोलरब्लेड सुरू केलं ते हॉकीवाल्यांना बिनबर्फाच्या महिन्यांत सराव करता यावा म्हणून. ज्याने आयुष्यात बर्फावर पाय ठेवलेला नाही त्याला मार्सब्लेड हे वाढीव वजन आणि वाढीव देखभाल.

गोलकीपरने हाय-लो घेऊच नये. त्याला धावायचं नसतं, आडवं सरकायचं असतं. ५९ मिमीसारख्या लहान चाकांची, बुटक्या आणि सपाट अंगाची फ्रेम त्याची.

शेवटी दुरुस्ती, आणि इथे हाय-लोचे गुण कापावे लागतात. फ्रेमला तडा गेला तर ती बदलायला जुने रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात, आणि रिव्हेट ठोकणारं यंत्र असलेलं दुकान आपल्याकडे क्वचितच सापडतं. टी-नट आणि स्क्रू वापरून काम होतं, पण नटाची बैठक बुटाच्या आत, सुकतळ्याखाली सपाट बसली पाहिजे, नाहीतर टाचेला टोचते. नवी फ्रेम बसवताना टाचेचा मध्य आणि पायाच्या दुसऱ्या बोटाची रेघ यांवर ती आधी दोनच स्क्रूंनी धरावी, बूट घालून उभं राहावं, घोटा आत किंवा बाहेर कलतोय का ते दुसऱ्याला मागून बघायला सांगावं, आणि मगच उरलेली भोकं पाडावी. ओलावा आत जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात इपॉक्सीचा थेंब सोडावा.