10×50 चा बायनॉक्युलर: दिवाळी ते पावसाळा वापरून

बजेट दहा हजारांच्या आत, आकाश कोथरूडच्या गच्चीवरचं आणि अधूनमधून वेल्ह्याकडचा काळोख. तेवढ्यात टेलिस्कोपच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता, म्हणून दिवाळीत साधा पोरो प्रिझमवाला (आतल्या प्रिझममुळे नळ्या वाकड्या दिसतात तो) 10×50 घेतला, म्हणजे 10 पटीने मोठं दाखवणारा आणि पुढची काच 50 मिमीची. आता पावसाळ्यामुळे तो डब्यात गेलाय आणि मला लिहायला सवड मिळालीय. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो.

दुकानात सगळे आधी विचारतात, ‘किती पटीने मोठं दिसतं?’ तारे बघायला हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा. हातात धरून 10 पटींच्या वर गेलात की तारा एका जागी राहतच नाही, नुसता वळवळतो. झूमवाले आणि लाल काचांचे तर बघूच नका. मित्राकडे 15×70 आहे. स्टँडवर लावला की सुरेखच दिसतं, पण वजन दीड किलोच्या आसपास आणि एका वेळी दिसणारं आकाश 4.4 अंश. माझ्यात 6.5 अंश दिसतं. रोहिणीचा व्ही माझ्यात ऐसपैस मावतो, त्याच्यात कडांना टेकतो. 7×50 हातात जास्त स्थिर राहतो हे खरं, पण त्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत 7 मिमीचा. चाळिशीनंतर डोळ्याची बाहुली सहसा तेवढी उघडत नाही, आणि शहराच्या उजेडात तर नाहीच. 50 भागिले 10, म्हणजे 5 मिमी, हा हिशेब मला बरोबर बसला.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी तपासा. पहिली, बायनॉक्युलर हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याच्या बाजूच्या काचेत छोटी प्रकाशाची चकती दिसते. ती स्वच्छ गोल हवी. कडा चौकोनी छाटल्यासारख्या आणि करड्या दिसल्या तर प्रिझम हलक्या प्रतीच्या काचेचं आहे. दुसरी, त्या चकतीवर मिलिमीटरची पट्टी धरा. 10×50 लिहिलंय आणि चकती जेमतेम 4 भरतेय, तर पुढची काच 50 ची असली तरी आत प्रकाश अडवलाय किंवा खोक्यावरचा आकडा खोटा आहे.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. एखादा ठळक तारा घ्या, तो डाव्या डोळ्याला टिंबासारखा करा आणि उजवीकडची डायॉप्टरची (दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक जुळवायची) कडी फिरवून त्या बाजूचा तारा मुद्दाम फुगवा. डावं टिंब त्या फुगलेल्या गोळ्याच्या मधोमध बसलं पाहिजे. मला आलेल्या पहिल्या नगात ते गोळ्याच्या पार बाहेर होतं. दिवसा झाडं बघताना काही कळत नव्हतं, कारण डोळे ओढूनताणून दोन्ही चित्रं जुळवतात. पण थोड्या वेळात कपाळ ठणकायला लागायचं. विक्रेत्याने कुरकुर करत बदलून दिला.

चष्मेवाल्यांसाठी: नुसता लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करता येतो, मी तेच करतो. सिलिंडर जास्त असेल तर चष्मा ठेवावा लागतो. मग आय रिलीफ, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, 15 मिमीच्या वर आहे ना, ते बघूनच घ्या.

हिवाळ्यात गच्चीवरून कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, पुष्याचा पुंजका असं सगळं छान दिसलं. देवयानी दीर्घिका शहरातून फिकट डाग, वेल्ह्याला लांबट धुकं. तो प्रकाश साधारण 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला, हे सांगितल्याशिवाय पाहुण्यांना त्यात काही वाटत नाही. गुरूचे चंद्र कोपर कठड्याला टेकवल्यावर दिसतात. ‘काका, शनीची कडी दाखवा ना,’ हे शेजारच्या पोरांचं मागणं मात्र 10 पटींत पुरं होत नाही. आधीच सांगून टाकावं.

खरी मजा मे महिन्यात. परदेशी रिव्ह्यूंमध्ये ओमेगा सेंटॉरी या गोलाकार तारकागुच्छाचं नाव क्वचितच येतं, कारण लंडनहून तो उगवतच नाही. आपल्याकडे मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा, चित्रा नक्षत्राचा तारा शोधा आणि तिथून सरळ खाली 36 अंश या. पुण्याहून तो क्षितिजापासून जेमतेम 24 अंश वर असतो, त्यामुळे दक्षिण मोकळी हवी. वेल्ह्यालाही डोंगराआड जाणार नाही अशी जागा शोधावी लागली. दिसतो तो गोल, भुरकट, चांगला मोठा गोळा. सुटे तारे 10×50 मध्ये दिसत नाहीत, पण तो तारा नाही हे एका नजरेत कळतं. आणखी उशिरापर्यंत थांबलात तर वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन तारकागुच्छ एकाच चौकटीत येतात. या दोन दृश्यांसाठीसुद्धा मी हाच पुन्हा घेईन.

बाकी तक्रारी आहेतच. कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात. जवळपास 900 ग्रॅम गळ्यात अडकवून मान दुखते. मधल्या बिजागरीच्या पुढे टोपणाखाली आटे असतात, तिथे एल आकाराचा ब्रॅकेट लावून फोटोच्या ट्रायपॉडवर चढवता येतो. पण डोक्यावरचं आकाश बघताना ट्रायपॉडखाली वाकून मानेचे हाल होतात. त्यापेक्षा आरामखुर्चीत पसरायचं आणि कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायची. घरात आरामखुर्ची नसेल तर जास्त महागडं मॉडेल घेण्याऐवजी ते पैसे तिच्यावर घाला.

पावसाळ्यात चामडी किंवा कापडी पिशवीत ठेवू नका. काचेवर बुरशीची जाळी धरली की साफ करणं अवघड, आणि घरी उघडलात तर नळ्यांची जुळणी बिघडायची भीती. मी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलाय. पुड्यांचा रंग बदलला की नव्या टाकतो.