फायर ब्रिगेडवर लक्ष कसं ठेवायचं: ठरलेली मिनिटं की लोकल रिस्क प्लॅन?

स्थानिक अग्निशमन सेवेवर सरकारने देखरेख कशी ठेवावी यावर मत द्यायचं असेल, समितीत असाल किंवा नुसते जागरूक नागरिक असाल, तर इंग्लंडकडे जरूर बघा, कारण त्यांनी दोन्ही पद्धती खरोखर वापरल्यात.

२००४ च्या आधी तिथे सरळ हिशोब होता. सगळा भाग ए, बी, सी, डी अशा धोक्याच्या गटांत वाटलेला. ए म्हणजे मोठ्या शहराचा दाट मध्यभाग, तिथे दोन बंब ५ मिनिटांत आणि तिसरा ८ मिनिटांत पोचलाच पाहिजे, सी ला एक बंब ८ ते १० मिनिटांत आणि डी, म्हणजे ग्रामीण भाग, तिथे २० मिनिटं. याचा मोठा फायदा असा की घड्याळ बघून कुणीही जाब विचारू शकतो, त्यासाठी एक्स्पर्ट लागत नाही. पण गट पडायचे ते मुख्यतः इमारतींवरून, म्हणजे रात्री रिकाम्या असणाऱ्या ऑफिसांना बंब जास्त आणि जिथे लोक रात्री झोपेत जळून मरतात त्या वस्त्यांना कमी, शिवाय रोड अॅक्सिडेंट वगैरे या हिशोबात नव्हतेच.

मग २००४ चा कायदा आला आणि देशपातळीवरचे हे आकडे गेले. आता सरकार नॅशनल फ्रेमवर्क, म्हणजे देशभरासाठीची ढोबळ चौकट देतं, प्रत्येक सेवा आपल्या भागाचा धोका स्वतः मोजते, निदान ३ वर्षांचा प्लॅन करते आणि त्यावर लोकांचं म्हणणं घेते. कल्पना मला मनापासून पटते, कारण एकटे राहणारे म्हातारे कुठे आहेत, केमिकलचे कारखाने कुठे, पूर कुठे येतो हे सगळं त्यात बसतं आणि आग लागण्याआधी घरोघर जाऊन काम करता येतं. अडचण ही की धोका मोजणारा आणि बजेट सांभाळणारा एकच! लंडनमध्ये जानेवारी २०१४ ला १० फायर स्टेशन एकाच दिवशी बंद झाली, आणि तिथलं टार्गेट होतं पहिला बंब सरासरी ६ मिनिटांत. आता सरासरी म्हटलं की एखाद्या वॉर्डात वेळ वाढली तरी शहराच्या आकड्यात ते दिसेलच असं नाही. त्यात काही सेवा वेळ फोन आल्यापासून मोजतात तर काही बंब निघाल्यापासून, मग तुलना करणार कशी?

तरी नुसती मिनिटंही पुरत नाहीत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीत आग लागल्याचा फोन १४ जून २०१७ च्या रात्री ००:५४ ला गेला आणि ००:५९ ला पहिले जवान पोचलेसुद्धा, तरी ७२ माणसं गेली. २०१९ च्या चौकशी अहवालात आग इतकी पसरण्याचं मुख्य कारण अर्थातच इमारतीच्या बाहेरच्या आवरणात सापडलं, पण अशा आगीसाठी लंडन फायर ब्रिगेडची तयारी आणि नियोजन फारच अपुरं होतं हेही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे घड्याळ पास, तयारी नापास. हे ऑफिसात बसून कळत नाही, त्यासाठी कुणीतरी बाहेरचा माणूस स्टेशनात जाऊन ट्रेनिंग आणि इमारतींची माहिती तपासायला हवा.

तसा स्वतंत्र इन्स्पेक्टर तिथे २०१७ मध्ये नेमला, पहिले रिपोर्ट २०१८ च्या शेवटी आले. त्याआधी कितीतरी वर्षं वेगवेगळ्या सेवांतले अधिकारीच एकमेकांचं काम बघायचे. आता परिणामकारकता, पैशाचा वापर आणि कर्मचाऱ्यांची काळजी अशा तीन बाजूंनी तपासून ग्रेड देतात. इन्स्पेक्टर स्वतः हुकूम सोडू शकत नाही, फक्त शिफारस करतो, फ्रेमवर्क न पाळणाऱ्या सेवेला आदेश द्यायचा अधिकार मंत्र्याकडे असतो.

माझं मत विचाराल तर रिस्क प्लॅन निवडा, पण बाहेरचा इन्स्पेक्टर नेमला जाणार असेल तरच. तो नसेल तर जुनी मिनिटं सोडू नका, ती ओबडधोबड असली तरी लोकांच्या हातात राहतात. आणि प्लॅन घेतलाच तर दोन गोष्टी लेखी मागा: वेळ फोन आल्यापासून मोजायची, आणि आकडे वॉर्डवार जाहीर करायचे.