चंदेरी रंगाला झिंक समजून पैसे मोजले

गोव्यातल्या शापोरा नदीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, आमची चौदा फुटी फायबरची होडी आहे. तिचा ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने माडाखाली पडून असायचा. मुलगा जुन्या बुलेट विकत घेऊन दुरुस्त करतो. कोल्हापूरहून बंद गाड्या आणायला तो दर वेळी टेम्पो भाड्याने घ्यायचा. याच ट्रेलरवर दोन बुलेट मावतील असं करून घेऊ, असं आम्ही ठरवलं.

म्हापशाच्या बाजूला एका फॅब्रिकेटरकडे काम दिलं. होडीचे रोलर बोल्ट काढून उतरवायचे, त्यांच्या जागी चाकांसाठी दोन सी-चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या) आणि पुढचं चाक पकडायला क्लॅम्प बसवायचा. होडीचा भार लांबीभर पसरतो. बुलेट पावणेदोनशे किलोच्या घरात, आणि तो सगळा भार चाकं टेकतात तेवढ्याच जागी. म्हणून आडवे चौकोनी पाइप 50 बाय 50 मिलिमीटरचे, 3 मिलिमीटर जाडीचे नवे घालायचे ठरले. होडी सोडताना ट्रेलर खाऱ्या पाण्यात बुडतो, तेव्हा पूर्ण सांगाडा हॉट-डिप गॅल्वनाइज, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये (जस्तात) बुडवून गंजरोधक थर चढवलेला हवा, हे मी दोनदा बजावलं. एकूण 72,000 रुपये, त्यात 18,000 फक्त गॅल्वनायझिंगचे. ‘घाटावर पाठवून करून आणतो,’ म्हणाला. पंधरा दिवसांनी ट्रेलर चांदीसारखा चमकत परत आला. मी खूश होऊन पूर्ण पैसे दिले. बिल म्हणून साध्या कागदावर हिशेब लिहून मिळाला, जीएसटी नंबर नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं.

शिवोलीला चार-पाच वेळा होडी सोडली, मग पावसाळा गेला. ऑक्टोबरात मुलगा आणि पुतण्या दोन बुलेट लादून कोल्हापूरहून निघाले. आंबोली घाट उतरून दाणोलीला चहाला थांबले, तेव्हा एक गाडी कलंडलेली दिसली. मधला आडवा पाइप वाकला होता, वेल्डिंगला चीर गेली होती आणि चिरेतून तांबडं पाणी ठिबकत होतं. तो पाइप घाटातल्या वळणावर गेला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही रात्री जाग येते.

फॅब्रिकेटरला फोन केला. ‘खाऱ्या पाण्यात घातलात तर गंजणारच,’ हे त्याचं उत्तर. मग गॅल्वनाइज कशासाठी केलं होतं?

गावातल्या जुन्या वेल्डरने ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘हाका बुराक खंय आसा?’ बुराक म्हणजे भोक. मग त्याने समजावलं. गॅल्वनाइज करताना सांगाडा साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या झिंकमध्ये बुडवतात. बंद पाइप तसाच बुडवला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो. म्हणून प्रत्येक बंद पाइपला टोकांजवळ भोकं पाडावीच लागतात. त्यातूनच झिंक आत शिरतं आणि आतली बाजूही झाकली जाते. आमच्या ट्रेलरला एकही भोक नव्हतं. त्याने खिळ्याने ओरखडा काढला, तर चंदेरी पापुद्रा सुटला आणि खाली काळं लोखंड दिसलं. नुसता रंग होता तो! चुंबक लावून यातलं काही कळत नाही, कारण झिंकखालचं लोखंड चुंबकाला तसंही चिकटतंच.

वाकलेला पाइप कापला. 50 बाय 50 चा 3 मिलिमीटरचा पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. आमचा मीटरभर तुकडा वाण्याच्या काट्यावर तीन किलोही भरला नाही. म्हणजे जाडी 2 मिलिमीटर. पैसे मात्र 3 चे घेतलेले.

कोणी असं काम करून घेत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: रंग चढण्याआधी, वेल्डिंग चालू असताना स्वतः जा. पाइपचं उघडं टोक व्हर्नियरने मोजा, भोकं पाडली आहेत का बघा आणि गॅल्वनायझिंग करणाऱ्या कारखान्याचं चलन (कामाची पावती) मागा. ते हातात येईपर्यंत निम्मे पैसे रोखून धरा. आरटीओचंही विचारून घ्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहनच धरलं जातं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. कापलेला तुकडा, वजनाची चिठ्ठी आणि तो साधा कागद एका पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलाय.