संशोधनच करायचं तर एमबीबीएस की पीएचडी?

टाटा मेमोरियल किंवा केईएमसारख्या रुग्णालयांत आणि त्यांच्याशी जोडलेल्या संस्थांत संशोधन करणारी माणसं मुख्यतः दोन वाटांनी आलेली असतात. एमबीबीएस, मग एमडी किंवा एमएस, जमलं तर पुढे डीएम किंवा एमसीएच या अतिविशेष पदव्या, ही एक वाट. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, ही दुसरी. बारावीला बायॉलॉजी मनापासून आवडतं, नीटचे मार्क काठावर आहेत आणि 'संशोधन करणार' म्हटल्यावर घरात शांतता पसरते, अशांना निवड करताना उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

दोन्ही वाटांची उत्तम उदाहरणं परळमध्येच आहेत. डॉ. वसंत खानोलकर लंडन विद्यापीठाचे एमडी, पॅथॉलॉजीचे. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांनीच उभं केलं. त्यांच्याच हाताखाली पीएचडी केलेल्या कमल रणदिवे मात्र डॉक्टर नव्हत्या. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये वनस्पतीशास्त्र, नंतर सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर एमएस्सी, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पोस्टडॉक. वडिलांची इच्छा मुलीने डॉक्टर व्हावं अशी होती. परत आल्यावर त्यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. देशातली ती पहिली मानली जाते. १९६६ नंतर काही वर्षं त्या याच केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

आता हिशेब. पीएचडी म्हणजे लवकर सुटका, असा एक गैरसमज फार पसरलाय. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. एकूण साडेअकरा, प्रवेश परीक्षांसाठी गेलेली वर्षं आणि बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, वेगळा. दुसरीकडे पदवी आणि एमएस्सी मिळून पाच वर्षं (आयसर पुणे या केंद्रीय विज्ञानसंस्थेसारख्या ठिकाणी एकत्रित अभ्यासक्रमालाही तेवढीच), पीएचडीला पाच ते सहा, आणि त्यावर पोस्टडॉक. वय सारखंच होतं. पैशात मात्र अंतर पडतं. २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्याच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरची पायरी) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरचं विद्यावेतन याहून बरंच जास्त असतं. शिवाय डॉक्टरला संशोधन नाही जमलं तर दवाखाना आहेच. पीएचडीवाल्याला प्रकल्प संपला की पुढच्या प्रकल्पाची वाट बघावी लागते. उलट बाजूही सांगायला हवी: खासगी मेडिकल कॉलेजची फी भरून कर्जात उतरलेला डॉक्टर सहसा संशोधनाकडे वळत नाही, त्याला वळणं परवडतच नाही.

पण माझ्या मते निर्णय पैशावर होऊ नये. तुम्हाला प्रश्न कुठे पडतात, ते बघा.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख महिलांवर एक चाचणी केली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून तपासायचं, पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवायचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसरी चाचणी स्तनाच्या कर्करोगाची, डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालची, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली. चिरा देण्याआधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे बधिर करण्याचं साधं औषध, टोचायचं. सुमारे १,६०० महिलांच्या या चाचणीत पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. असे प्रश्न ऑपरेशन टेबलाशी किंवा ओपीडीच्या गर्दीत उभं राहिलेल्या माणसालाच सुचतात. रुग्णाला हात लावण्याचा, औषध देण्याचा अधिकारही त्यालाच असतो. पीएचडीवाला कितीही हुशार असला तरी हे काम डॉक्टरशिवाय करू शकत नाही.

मात्र पेशीच्या आत काय बिघडलं, कुठलं प्रथिन कुणाला चिकटतं, जनुक कसं घालायचं, या प्रश्नांना वर्षानुवर्षं रोज दहा तास द्यावे लागतात. सकाळी राउंड, दुपारी ओपीडी, रात्री इमर्जन्सी करणारा डॉक्टर ते कुठून आणणार? म्हणून मोठी कामं बहुतेकदा जोडीने होतात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यामागे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमारही. (हिंदुजांनी पुढे याच विषयात पीएचडीही केली.) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या देशी कार-टी उपचाराचंही (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) तसंच: पेशींचं काम पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, रुग्णांवरच्या चाचण्या टाटाच्या डॉक्टरांकडे.

मग निवडायचं काय? सरकारी एमबीबीएसची जागा मिळत असेल आणि मन डळमळीत असेल, तर एमबीबीएस घ्या. डॉक्टर नंतर प्रयोगशाळेत जाऊ शकतो; पीएचडीनंतर रुग्ण तपासायचे तर पुन्हा नीटपासून सुरुवात. पण रक्त, रडणारे नातेवाईक, रात्रपाळ्या नकोशा वाटत असतील आणि मायक्रोस्कोपसमोर वेळ कसा गेला कळत नसेल, तर केवळ मार्क पुरतात म्हणून मेडिकलला जाऊ नका. एक जागा वाया जाते आणि एक माणूसही.

एमबीबीएस झाल्यावर संशोधनाची ओढ टिकली, तर पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, फार्माकॉलॉजी या शाखांकडे 'रँक लागली नाही म्हणून' बघू नका. क्लिनिकल शाखेतच राहायचं असेल तर इंडिया अलायन्सच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या ठेवलेल्या फेलोशिप बघा. संशोधनाला निधी देणारी ही संस्था २००८ पासून काम करते आहे. आणि कुठल्याही विभागात रुजू होण्याआधी विभागप्रमुखांना सरळ विचारा: आठवड्यातले किती दिवस ओपीडीतून मोकळीक मिळेल? 'बघू' असं उत्तर आलं तर ते नाहीच समजा आणि दुसरा विभाग शोधा.